देवाचे वचन आणि दरडीखालची वाडी: एका मुलीच्या प्रश्नावरून

धागाकर्ती: मासुंदाकाठ (ठाणे पश्चिम)

सर्वांना नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत श्रावणातला सत्यनारायण झाला आणि प्रसादानंतर तासभर प्रवचन झाले. प्रवचनकारांनी 'यदा यदा हि धर्मस्य' हा श्लोक घेऊन भगवंताच्या वचनाचे विवेचन केले. शेवटी नववीतल्या एका मुलीने उठून विचारले, "पुन्हा जलप्रलय करणार नाही असे वचन देवाने नोहाला दिले, हे आम्हांला शाळेत सांगितले. गीतेतही तो युगे युगे येतो म्हणतो. मग इरशाळवाडीत त्या रात्री कोणी का आले नाही?" प्रवचनकार क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ज्याचे त्याचे प्रारब्ध असते, बाळ." मुलगी खाली बसली. मीही गप्प बसले, आणि ते गप्प बसणे तेव्हापासून मला टोचते आहे.

टोचण्याचे कारण सांगते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर आमच्या इमारतीतून धान्य, चादरी आणि भांडी घेऊन आम्ही चारजण चौकला गेलो होतो. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथके चिखलातून पायी चढत होती आणि यंत्रे वर नेता येत नव्हती. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. ती ठाकर आदिवासींची वाडी होती. पायथ्याशी एक आजी कोणाशी न बोलता हातातल्या पिशवीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. त्या आजीला जाऊन 'तुमचे प्रारब्ध' असे सांगण्याची माझी छाती झाली नसती. जे वाक्य तिच्यासमोर उच्चारता येत नाही, ते ठाण्यातल्या पंख्याखाली बसून एका मुलीला कसे सांगायचे?

म्हणून मी मूळ कथा पुन्हा वाचल्या आणि एक गोष्ट नव्याने दिसली. प्रलयाची आपल्याकडची सर्वांत जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. मनूच्या ओंजळीत एक लहान मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनू त्याला आधी घड्यात, मग खड्ड्यात वाढवतो आणि शेवटी समुद्रात सोडतो. मासा प्रलयाची वेळ सांगतो आणि नाव बांधायला सांगतो. नाव मनूच बांधतो. बायबलमधल्या नोहाच्या कथेतही तोच क्रम आहे. आधी इशारा, मग तारवाची लांबी-रुंदी, मग माणसाच्या हातचे काम, मग पाऊस. आणि 'पुन्हा असे करणार नाही' हे वचन सर्वांत शेवटी, पाणी ओसरल्यावर. म्हणजे ज्या वचनावर आपण विसंबून बसतो, त्याच्याआधी दोन्ही कथांत एक इशारा आणि एक नाव आहे.

इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे शासनानेच तेव्हा सांगितले. त्या वाडीला सांगायला कोणताही मासा गेला नाही. आज पाऊस मोजण्याची साधने, उपग्रहांची चित्रे आणि डोंगरउतारांचे नकाशे आपल्या हाती आहेत, तेव्हा मासा होण्याची पाळी आपली होती असे मला प्रामाणिकपणे वाटते. 'प्रारब्ध' हा शब्द आपण नेमका त्या जागी ठेवतो, जिथे आपला इशारा असायला हवा होता.

गोवर्धनाची कथाही मला वेगळी वाटू लागली आहे. इंद्राने सात दिवस पाऊस पाडला तो गोकुळातल्या लोकांच्या पापासाठी नव्हे, आपली पूजा बंद झाली या रागाने. आणि ज्या डोंगराने गाई जगवल्या, त्याचीच पूजा करा असे कृष्णाने सांगितले होते. तोच डोंगर पुढे छत्र झाला. आपण मात्र पारसिकच्या डोंगराला खाणी लावून पोखरतो आणि पावसाळ्यात त्याच्या पायथ्याच्या झोपड्यांतल्या माणसांचे प्रारब्ध काढतो.

माझी विनंती आहे की आपापल्या परंपरेत देवाचे वचन नेमके कोणाला, कशाचे आणि कोणत्या शब्दांत दिले आहे, ते जाणकारांनी इथे लिहावे. त्या मुलीला मला उत्तर द्यायचे आहे.

प्रतिसाद: शनवारतेली (ठाणे)

ताई, आपण नोहाचे नाव काढलेत म्हणून लिहिते. आम्ही बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे यहुदी. ठाण्यातले आमचे 'शआर हाशामाईम' हे प्रार्थनास्थळ १८७९ सालचे आहे.

नोहाची कथा ज्यात आहे त्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातले वचन एकट्या नोहाला दिलेले नाही. ते प्रत्येक सजीवाला, पक्ष्यांना, गुराढोरांना आणि रानातल्या श्वापदांनाही दिलेले आहे, आणि त्याला कोणतीही अट नाही. पण शब्द बारकाईने वाचले तर आश्वासन एवढेच आहे की सर्व सजीवांचा आणि सर्व पृथ्वीचा नाश जलप्रलयाने होणार नाही. तलमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या पंडितांनी यावर स्पष्ट चर्चा केली आहे: साऱ्या जगावर प्रलय येणार नाही, म्हणून एखाद्या राष्ट्रावर येणार नाही असे नव्हे. या वचनाचा अर्थ 'माझ्या गल्लीत पाणी शिरणार नाही' असा आमच्या पूर्वजांनी कधी लावला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार प्रिय आहे. तेराव्या शतकातले आमचे भाष्यकार रामबान सांगतात की या वचनाची खूण असलेल्या ढगांतल्या धनुष्याची टोके जमिनीकडे आणि पाठ आकाशाकडे असते. लढाई संपली हे दाखवण्यासाठी योद्धा धनुष्य असेच उलटे धरतो, जेणेकरून त्यातून खाली बाण सुटू नये. मराठीत मात्र आपण त्याला इंद्राचे धनुष्य म्हणतो, म्हणजे गोकुळावर पाऊस पाडणाऱ्या त्याच इंद्राचे. एकाच कमानीला एका भाषेत शस्त्र म्हणतात आणि दुसऱ्या भाषेत तेच खाली ठेवलेले शस्त्र असते, हे मला लहानपणापासून नवलाचे वाटत आले आहे. ती कमान दिसली की आम्ही कराराची आठवण ठेवणाऱ्या देवाचा आशीर्वाद म्हणतो. पण 'बघा बघा' म्हणून दुसऱ्याला दाखवायला धावू नये, असेही आमच्याकडे सांगतात, कारण ती खूण शिक्षेच्या काठावरची आहे.

आमची स्वतःची कथा तर वादळातूनच सुरू होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी आमची परंपरा आहे. जे बुडाले त्यांना वाचलेल्यांनी तिथेच पुरले. आजतागायत आमच्या कोणत्याही घरी मी असे ऐकलेले नाही की वाचलेले पुण्यवान होते आणि बुडालेले पापी. वाचल्याचे ऋण आम्ही एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा हा नैवेद्य करून आठवतो, एवढेच.

प्रतिसाद: इंद्रायणीचा वारकरी (ऐरोली)

माउली, मी चाळीस वर्षे वारी करतो आणि 'प्रारब्ध' हा शब्द मला टाकून देता येणार नाही, हे आधीच सांगतो. तो खोटा नाही. पण तो कोणी कोणाला म्हणायचा, याची मर्यादा संतांनी घालून दिली आहे.

सन १६३० च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला, त्यात तुकोबारायांचे घर बुडाले. ते स्वतः सांगतात, 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' या ओळीत प्रारब्धाचा शब्दही नाही. अन्न अन्न करीत मेली, एवढेच आहे. तेच तुकोबा दुसरीकडे म्हणतात, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥' हे 'बरें जालें' त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याला म्हटले आहे, शेजाऱ्याच्या नव्हे. माझ्यावर आले ते देवाने माझ्या हितासाठी केले, असे मी म्हणू शकतो. तुमच्यावर आले ते तुमच्या कर्माने आले, असे म्हणण्याचा अधिकार मला कोणत्याही संताने दिलेला नाही. उलट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात उपाशी लोकांची कर्मे तपासली नाहीत, त्यांनी बादशहाची कोठारे उघडली. आणि विठ्ठलाने येऊन भरपाई केली ती त्या उघडलेल्या कोठारांची, अशी आमची कथा आहे.

गीतेतल्या वचनाबद्दल म्हणाल तर अठराव्या अध्यायाचा चौदावा श्लोक पाहावा. कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगताना भगवंत अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा ही चार आधी सांगतात आणि मग म्हणतात, 'दैवं चैवात्र पञ्चमम्'. दैव आहे, पण पाचवे आहे. पहिली चार न तपासता पाचव्यावर उडी मारणारे प्रवचन मला अपुरे वाटते. आपले प्रवचनकार वाईट हेतूने बोलले असतील असे मात्र मी मानत नाही. अवघड प्रश्न समोर आला की आम्ही जुनी माणसे ओळखीच्या शब्दाचा आधार घेतो.

प्रतिसाद: दिघ्याचा वाचक

सर्वांचे लिहिणे आदराने वाचले. तरीही मुलीचा प्रश्न जिथल्या तिथे उभा आहे. वचन मर्यादित होते, शब्द नीट वाचा, दैव पाचवे आहे, हे सगळे मान्य. पण जो गोवर्धन उचलू शकतो त्याने एक दरड का धरली नाही? माझे वडील २६ जुलै २००५ ला घरी परतले नाहीत. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मला पाठ आहे. आकड्याने मला कारण कळले, पण उत्तर मिळाले नाही.

प्रतिसाद: कौसा (मुंब्रा)

दिघ्याचे बंधू, आपल्या वडिलांविषयी वाचून डोळे भरून आले. उत्तर माझ्याकडेही नाही, पण आमच्याकडे काय सांगितले आहे ते लिहितो.

'सहीह मुस्लिम' या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांची नोंदलेली उक्ती, आहे. पैगंबरसाहेब म्हणतात की मी माझ्या पालनकर्त्याकडे तीन गोष्टी मागितल्या. माझ्या उम्मतीचा, म्हणजे अनुयायांच्या समुदायाचा, नाश दुष्काळाने होऊ नये, हे मान्य झाले. बुडून होऊ नये, हेही मान्य झाले. त्यांनी आपसात लढू नये, हे मात्र मान्य झाले नाही. इथेही वचन साऱ्या समुदायाच्या समूळ नाशाबद्दल आहे, एकेका माणसाबद्दल नाही. आणि जे नाकारले गेले ते नेमके माणसाच्या हातातले आहे.

दुसरी हदीस 'बुखारी' या संग्रहातली. जो बुडून मरतो आणि जो पडझडीखाली चिरडून मरतो, त्या दोघांनाही शहीदांत गणले आहे. ४ एप्रिल २०१३ ला आमच्याजवळ शीळफाट्याला इमारत कोसळून ७४ माणसे गेली. ती आपत्ती निसर्गाची नव्हती, पण माझ्या आईने त्या रात्री हीच हदीस पुन्हा पुन्हा म्हटली. ज्याला देवाकडे शहीदाचा मान आहे, त्याचे पाप शोधण्याची गोष्ट तिथेच संपते. आणि इमारत कोणी व कशी बांधली, हा प्रश्न तिथून सुरू होतो. कुरआनच्या तिसाव्या सूरेत म्हटलेच आहे की जमिनीवर आणि समुद्रात जो बिघाड दिसतो, तो माणसांच्या हातांनी केलेल्या कमाईमुळे.

प्रतिसाद: कोपरीचा उपासक

आमच्याकडे वचन देणारा ईश्वरच नाही, म्हणून बाहेरून लिहितो आहे. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस जे जे भोगतो ते सगळे पूर्वकर्मानेच, असे काही श्रमण म्हणतात, ते खरे का? बुद्ध म्हणतात, नाही. पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र प्रकोप, ऋतूतले बदल, विषम वागणूक, अचानक झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते सांगतात, आणि सगळे एकट्या कर्मावर ढकलणारे सत्याच्या पलीकडे जातात असे म्हणतात. वारकरी काकांच्या पाचव्या दैवाशी हे किती जवळचे आहे, ते पाहून आनंद झाला.

पण 'शिक्षा' या कल्पनेचा धोका चांगल्या हेतूनेही टळत नाही, हे नोंदवतो. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड असल्याचे म्हटले. अस्पृश्यता हे पाप होते याबद्दल माझ्या घरात कोणाला शंका असण्याचे कारण नाही. तरीही रवींद्रनाथांनी घेतलेला आक्षेप मला पटतो. भूकंपाची कारणे भौतिकच असतात, आणि हाच तर्क गांधीजींच्या विरोधकांना अधिक सोयीचा आहे, असे त्यांनी लिहिले. गांधीजींनी तो आक्षेप आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला, हा त्यांचा मोठेपणा. पण त्या भूकंपात गाडली गेलेली अस्पृश्य माणसे कोणत्या पापाचा दंड भोगत होती?

हाच प्रश्न किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा लोक अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून झोपले होते. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली.

प्रतिसाद: चरईची पारू

मी कॅथलिक आहे. थोडक्यात लिहिते, कारण शनवारतेली ताईंनी बरेच सांगितले आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा माणसांविषयी येशू विचारतो, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. त्या मुलीला हे नक्की सांगा.

वचनाचा उलटा वापरही होतो. पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन थांबणार नाही, असे उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात आहे. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉन शिमकस यांनी हवामानबदलावरच्या सुनावणीत हेच वाक्य वाचून दाखवले आणि पृथ्वीचा अंत देवच ठरवील, माणूस तिचा नाश करणार नाही, असे सांगितले. उलट २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीची राखण ही माणसावर सोपवलेली जबाबदारी असल्याचे लिहिले. ग्रंथ दोघांचा एकच आहे, म्हणून वचन कोण आणि कशासाठी वाचतो हे पाहावे लागते.

प्रतिसाद: उघाडी (घणसोली गाव)

मी आगरी. धागा तीन दिवस वाचतो आहे. ताईंचा माशाचा मुद्दा मनात बसला, म्हणून आमच्याकडचे सांगतो.

नवी मुंबई उभी राहण्याआधी इथे खाजण जमिनी होत्या. खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घातलेला असे आणि बांधाला जागोजाग उघाडी असे. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देई, की उघाडीची फळी आपोआप बंद होई. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी फळी ढकलून बाहेर जाई. बांधाला खेकड्यांची बिळे पडत, ती वेळीच बुजवावी लागत. एका घराने कंटाळा केला तर सगळ्यांची शेते खारी होत, म्हणून बांधबंदिस्तीच्या कामाला घरटी माणूस यायचाच. नारळी पौर्णिमेला माझी आजी दर्याला नारळ देताना 'शांत हो' एवढेच म्हणे. तिने दर्याकडून वचन कधी मागितले नाही, आणि त्याच आठवड्यात आजोबा फावडे घेऊन बांधावर असत. या दोन गोष्टींत काही विरोध आहे, असे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही आले नाही.

पुढे शहर वसवताना धारण तलाव केले, तेही याच तत्त्वावर. भरतीच्या वेळी झडपा बंद, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला बाहेर जाते. आज त्यांतले कित्येक गाळाने भरले आहेत आणि त्यांत खारफुटी वाढली आहे. ती तोडायची तर कायदा आड येतो आणि न तोडावी तर तलावाची साठवण कमी होते. हा पेच खरा आहे. दोन्ही बाजूंना चांगली माणसे आहेत. मी स्वतः खारफुटीच्या बाजूचा आहे, कारण भरतीचा जोर तीच मोडते. पण गाळ काढायलाच हवा.

पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले. अरबी समुद्र तापल्याने त्यावरून येणाऱ्या वाऱ्यांचे बाष्पही वाढते आहे. म्हणजे आजोबांच्या मापाचा बांध आता पुरणार नाही.

दिघ्याच्या दादांना एवढेच सांगेन की देवाने दरड का धरली नाही, ते मलाही माहीत नाही. ते मला आजीलाही कधी विचारता आले नाही. तिचा एक मुलगा खाडीतच गेला होता, आणि नारळ द्यायला ती दर वर्षी जात राहिली.

प्रतिसाद: मासुंदाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी ती मुलगी आणि तिची आई आमच्याकडे आल्या. मनू, मासा आणि नाव, उलटे धरलेले धनुष्य, शिलोहाचा बुरूज, अन्न अन्न करीत गेलेली तुकोबांची पत्नी, आणि उघाडी, हे सगळे मी तिला सांगितले. इरशाळवाडी यादीत नव्हती, हे ऐकल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो देवाबद्दल नव्हता. आता यादीत कोणत्या वाड्या आहेत आणि ती यादी कुठे पाहायला मिळते, हे तिला हवे होते. तहसील कार्यालयात चौकशी करायला सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत.

पण निघताना दारात थांबून तिने दिघ्याच्या वाचकांचाच प्रश्न विचारला: "मग देव त्या रात्री कुठे होता?" माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि मी तसे सांगितले.

प्रतिसाद: इंद्रायणीचा वारकरी (ऐरोली)

माउली, पुढच्या एकादशीला मी ठाण्यात येतो आहे. त्या मुलीला भेटायला आवडेल. उत्तर माझ्याजवळही नाही, पण चाळीस वर्षे हाच प्रश्न घेऊन चाललेला एक म्हातारा तिने पाहावा, असे वाटते. दिघ्याचे बंधू येऊ शकले तर त्यांनाही घेऊन येईन. उघाडीवाल्या दादांना विचारतो, धारण तलावाच्या गाळाबाबत महापालिकेला निवेदन द्यायचे असेल तर आमच्या दिंडीतली साठ माणसे सही करतील. मसुदा कोणी करायचा?